त्रिंबक मुंगसाचं अखंड सीताफळ

एका जंगलात त्रिंबक नावाचं एक मुंगूस राहत होतं. कुठलं जंगल, असं विचारू नका. असले प्रश्न विचारणाऱ्या मुलांना गोष्ट कळत नाही, आणि सांगणाऱ्याची लिंक तुटते ती वेगळीच.

तर त्रिंबक. साप मारणं हा त्याच्या घराण्याचा पिढीजात धंदा. आजोबांनी मारले, वडिलांनी मारले. त्रिंबकला मात्र लहानपणापासून साप दिसला की त्याचा फोटो काढावासा वाटे. "जरा फणा डावीकडे घ्या," असं तो म्हणायचा, आणि साप घ्यायचेही. वडिलांनी कपाळावर हात मारून घेतला. पुढे तो जंगलातल्या लग्नांच्या आणि बारशांच्या चित्रफिती करू लागला, आणि त्याचं बरं चाललं.

त्या जंगलाचा राजा होता मृगेंद्र नावाचा सिंह. यंदा मृगेंद्र महाराजांच्या राज्यारोहणाच्या वर्धापनदिनाचा मोठा सोहळा होता. सोहळ्यात महाराजांचा जीवनपट दाखवायचा, असं दरबारात ठरलं.

त्यात एक नाजूक भाग होता. महाराजांची आयाळ गळत चालली होती. मानेच्या मागे तर चांगलं टक्कल पडलं होतं. हे जंगलात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी कोणाला सांगत नव्हतं. तुमच्या घरी आजोबांच्या कवळीचं असतं ना, तसंच. जीवनपटात मात्र आयाळ दाट दिसायला हवी होती, आणि ती वाऱ्यावर उडायलाही हवी होती.

हे काम कोणाला द्यायचं ते दरबाराचे कारभारी ठरवणार होते. कारभारी म्हणजे नरहरपंत नावाचे करकोचे. सदा एका पायावर उभे. दुसरा पाय त्यांनी कशासाठी राखून ठेवला होता, कोण जाणे.

नरहरपंतांनी अट घातली. "जीवनपट सीताफळावर केलेला पाहिजे."

आता सीताफळ म्हटल्यावर तुमच्या तोंडाला पाणी सुटलं असेल, तर ते पुसा. हे फळ नव्हे. त्या जंगलात सीताफळ नावाचा एक उंची संगणक मिळायचा. पाठीवर सीताफळाचं चित्र, आणि त्या चित्रातला एक डोळा कोणीतरी खाल्लेला. त्याची किंमत ऐकून हत्तीसुद्धा खाली बसत. अख्ख्या जंगलात सीताफळ एकट्या नरहरपंतांकडे होतं. ते त्याला रोज सकाळी मऊ पिसाने पुसत आणि पुन्हा झाकून ठेवत. वापरत मात्र नसत, कारण वापरली की वस्तू जुनी होते.

तेव्हा अट अशी का घातली ते तुमच्या लक्षात आलं असेल. सीताफळ दुसऱ्या कोणाकडे नाही, म्हणजे काम आपोआप घरातच, पंतांच्या भाच्याकडे.

"त्रिंबक, तुझ्याकडे आहे का सीताफळ?" पंतांनी भर दरबारात विचारलं. नाही म्हणेल अशी त्यांची खात्री होती.

"आहे ना," त्रिंबक म्हणाला.

महाराजांनी मान डोलावली आणि काम त्रिंबकला मिळालं. पंतांनी जाता जाता त्याच्या कानाशी चोच नेली. "मागच्या सोहळ्याला एक ससा पोवाडा म्हणताना मध्येच विसरला होता," ते म्हणाले. "आठवतोय का तो ससा?"

"नाही बुवा," त्रिंबक म्हणाला. "त्यानंतर दिसला नाही कधी."

"हो ना," पंत म्हणाले. "मलाही नाही दिसला."

आता तुम्ही म्हणाल, त्रिंबक खोटं बोलला. बोलला खरा, पण अगदीच खोटं नव्हे. त्याच्याकडे एक यंत्र होतं. ते त्याने स्वतः जोडलं होतं, तेही तेलाच्या पत्र्याच्या डब्यात. मदरबोर्ड बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीतला. मेमरीच्या दोन पट्ट्या, त्याही सख्ख्या नव्हेत, सावत्र. वीजपुरवठ्याचा डबा कोल्ह्याच्या लाउडस्पीकरच्या दुकानातला. पण आत जी विद्या, म्हणजे यंत्र चालवणारी प्रणाली, घातली होती ती सीताफळाची होती, म्हणून पडद्यावर सगळं सीताफळासारखंच दिसायचं.

ही विद्या मोठी मानी असते बरं का. ती फक्त सीताफळातच नांदते. दुसऱ्या यंत्रात घातली की आधी विचारते, "हे घर कोणाचं?" म्हणून जोडकाम करणारे आपल्या यंत्राच्या कानात आधी एक उसनं नाव सांगून ठेवतात. त्रिंबकने त्याच्या डब्याला सांगून ठेवलं होतं, "कोणी विचारलं तर म्हणायचं, मी अखंड सीताफळ." अखंड म्हणजे सीताफळातला सर्वांत देखणा प्रकार. संगणक आणि पडदा एकाच अंगात. डबा बिचारा सरळ मनाचा. तो तसं म्हणायचा, विद्येला ते पटायचं, आणि संसार सुरळीत चालायचा.

पण आयाळ आली आणि घोटाळा झाला. त्या यंत्रावर महाराजांची आयाळ उडेना. एक एक केस वेगळा हलायला हवा, तर सगळी आयाळ पावाच्या लादीसारखी एकगठ्ठा हलायची. म्हणून त्रिंबकने लांडग्याच्या पोरांकडून एक दणकट ग्राफिक्स कार्ड आणलं. संगणकातलं चित्र काढून पडद्याकडे पाठवतं ते हे कार्ड. पोरांनी खेळून खेळून ते चांगलं तापवलेलं होतं. त्याने जुनं कार्ड काढून ते डब्यात बसवलं, मॉनिटरची केबल त्याला जोडली आणि बटण दाबलं.

पडद्यावर सीताफळाचं चित्र आलं. त्याखाली पांढरी रेघ पुढे सरकायला लागली. अर्ध्यावर गेली. आणि पडदा काळा झाला.

काळा म्हणजे बंद नव्हे. डब्यात फॅन फिरत होता. दिवा लागला होता. त्रिंबकने अंदाजाने कळ दाबली तर जीवनपटाचं संगीत वाजायला लागलं. तुताऱ्या, ढोल, मग महाराजांची डरकाळी, सगळं ठणठणीत. म्हणजे आत जीवनपट चालू होता. आयाळही आत कुठेतरी झोकात उडत असणार. फक्त दिसत काही नव्हतं.

सोहळा तोंडावर आला होता, आणि त्रिंबकला तो ससा आठवायला लागला, जो त्याला मुळीच आठवत नव्हता.

सीताफळाच्या अधिकृत दुरुस्तीवाल्याकडे जायची सोय नव्हती. डब्याचं झाकण उघडलं की बिंग फुटलं. मग राहिला वडाचा पार. जंगलातले सगळे जोडकामवाले तिथे जमत, एकमेकांच्या अडचणी ऐकत आणि एकमेकांना चुकीचे उपाय सांगत.

पारावर एक रीत होती. अडचण मांडण्याआधी आपल्या यंत्राचं कुळ सांगायचं. लग्नात भटजी गोत्र सांगतात तसं, खड्या आवाजात. कुळ न सांगता प्रश्न विचारणाऱ्याला तिथे उत्तर मिळत नसे, फक्त उपदेश मिळे. पण कुळ सांगतानाही एक गोष्ट कधी सांगायची नाही, आणि कोणी विचारायचीही नाही: यंत्राला दिलेलं उसनं नाव. पूर्वी बायका नवऱ्याचं नाव घेत नसत ना, तसं. पारावर सगळ्यांकडे नुसतं सीताफळ. कसलं सीताफळ, हे विचारणं असभ्य समजलं जाई.

त्रिंबकने डबा पारावर ठेवला आणि कुळ म्हणायला सुरुवात केली. गिरणी झाली, सावत्र पट्ट्या झाल्या, लाउडस्पीकर झाला, लांडग्याची पोरंही झाली. मग त्याने अडचण सांगितली.

पारावरचे वडीलधारे म्हणजे साळिंदर आबा. त्यांनी डोळे मिटले. "केबल कुठल्या भोकात आहे?"

"नव्या कार्डाच्या, आबा."

"सगळे असंच म्हणतात," आबा म्हणाले. त्यांनी स्वतः वाकून पाहिलं. केबल नव्या कार्डालाच होती. आबांना जरा वाईट वाटलं. त्यांचा तो हातखंडा उपाय होता, आणि त्यापुढचं त्यांना फारसं काही येत नसे.

पण वडीलधाऱ्याला गप्प बसून कसं चालेल? आबांनी कार्ड काढायला लावलं, त्याचे सोनेरी दात खोडरबराने घासायला लावले आणि परत बसवायला लावलं. पडदा काळा. मदरबोर्डावरची बटणाएवढी बॅटरी काढून, जरा वेळ उन्हात ठेवून परत लावायला सांगितली. पडदा काळा. हळूहळू सगळा पार पुढे सरसावला. कोणी म्हणालं केबल बदल, कोणी म्हणालं मॉनिटर बदल. मॉनिटर बदलला. आता दुसरा मॉनिटरही काळा.

"मग एकच उरलं," आबा म्हणाले. "सगळं पुसून टाक आणि पहिल्यापासून कर."

"आबा, आत महाराज आहेत," त्रिंबक रडकुंडीला येऊन म्हणाला. "महाराजांना कसं पुसू?"

यावर सगळे गंभीर झाले. मग एक वटवाघूळ उलटं लटकल्या लटकल्या म्हणालं, "मागे रावजी तरसाचं असंच झालं होतं की. हेच चित्र, हीच रेघ, हाच काळोख. मग एक दिवस आला, 'झालं माझं' म्हणाला आणि निघून गेला."

"कसं झालं ते सांगितलं?"

"छे. आपल्याकडे कोण सांगतं? आपलं झालं की आपण घरी जातो."

त्रिंबकने डबा घरी नेऊन ठेवला आणि तो धावत रावजीकडे गेला. रावजी तरस टेकडीच्या कपारीत राहायचा. स्वभावाने चांगला होता. चेहरा हसरा होता, पण तो जन्मतःच तसा, त्याला त्याचा इलाज नव्हता.

"झालं होतं खरं," रावजी म्हणाला. "पण कशाने झालं ते मला कुठे ठाऊक? वैतागून मी सगळ्या गोष्टी एकदम बदलल्या. केबल, बॅटरी, मेमरी, डब्याची दिशासुद्धा. मग बटण दाबलं आणि चित्र आलं. आता त्यातलं काहीच हलवायची छाती होत नाही. बघ, आत एक वाळकी शेंग पडलीय. कुठून आली माहीत नाही. पण ती पडली असताना झालं, म्हणून तीही तशीच ठेवलीय."

त्रिंबकने डब्यात वाकून शेंग पाहिली. मग त्याने हात जोडले आणि तो परत फिरला. वाटेत एक शेंग दिसली ती त्याने उचलून खिशात टाकली. हसू नका. तुम्ही परीक्षेला जाताना दही खाऊन जाता ते काय असतं?

घरी येऊन बघतो तर दारात नरहरपंत एका पायावर उभे. जीवनपट कुठवर आला ते बघायला आले होते. त्रिंबकची बायको वेणू हुशार. तिने पंत आलेले पाहताच डब्यावर आपली शाल टाकली होती.

"चित्र दाखव," पंत म्हणाले.

त्रिंबकने कळ दाबली. तुताऱ्या वाजल्या. ढोल वाजला. पडदा काळा.

"चित्र कुठे आहे?"

त्रिंबकने उगाच केबल चाचपली. वेणूच पुढे आली. "पंत, चित्र मुद्दाम झाकलंय," ती म्हणाली. "महाराजांच्या आधी दुसऱ्या कोणी पाहिलं तर दृष्ट लागेल. इतकी दाट आयाळ आहे."

दाट आयाळ म्हटल्यावर पंतांना काही बोलता येईना. आयाळ दाट नाही, असं कसं म्हणणार? त्यांनी शालीकडे निरखून पाहिलं. "सीताफळ जरा लठ्ठच दिसतंय," ते म्हणाले.

"शालीमुळे तसं वाटतं," वेणू म्हणाली. "मीसुद्धा शालीत तशीच दिसते."

पंत निघाले. दारात थांबून म्हणाले, "परवा सोहळा आहे. महाराजांनी त्या दिवशी न्याहारी करायची नाही असं ठरवलंय. जीवनपट पाहिल्यावरच बघू म्हणाले."

पंत गेले आणि त्रिंबक मटकन खाली बसला. घाबरला होता तो. खरंच घाबरला होता. जीवनपटाला दृष्ट लागू नये म्हणून झाकलं असं पंतांना सांगता येतं, उपाशी सिंहाला नाही सांगता येत. "वेणू, मी मेलो," तो म्हणाला. "तू माहेरी जा."

"माहेरी जाते, पण आधी मला नीट सांगा," वेणू म्हणाली. "सुरुवातीला चित्र दिसतं ना?"

"दिसतं. सीताफळ दिसतं, रेघ दिसते."

"मग कधी काळं होतं?"

"विद्या पुरती जागी होते, हे घर कोणाचं म्हणून विचारते, डबा नाव सांगतो, आणि त्यानंतर काळं."

"काय नाव सांगतो?"

त्रिंबक जरा लाजला. हा प्रश्न पारावर कोणी कोणाला विचारत नसे. पण वेणू पारावरची नव्हती, आणि बायकोपुढे लाजून कसं चालेल? "अखंड," तो पुटपुटला.

"अखंडाला पडदा वेगळा असतो?"

"नाही गं. अंगातच असतो. म्हणून तर अखंड."

वेणू त्याच्याकडे बघत राहिली. "अहो, मग ते अंगातल्या पडद्यावर दाखवत असेल."

"याच्या अंगात कुठे आहे पडदा? तेलाचा डबा आहे हा."

"ते तुम्हाला माहीत. त्याला कुठे माहीत?" वेणू म्हणाली. "माझ्या मामेभावाचं काय झालं विसरलात? लग्न जमवताना मुलीकडच्यांनी सांगितलं, आमच्या घरची आमराई आहे. आमराई कसली, दारात एक बाभूळ. तो बिचारा पहिल्या उन्हाळ्यात सासुरवाडीच्या पेट्यांची वाट बघत बसला. बाजारात आंबे आले, संपले, याने एक आंबा घेतला नाही. म्हणे घरचे येतील. तसंच आहे हे. जुनं कार्ड अडाणी होतं, मिळेल त्या पडद्यावर दाखवायचं. हे नवं कार्ड दणकट आहे, त्यामुळे विद्या म्हणते, एवढं चांगलं चित्र घरच्या पडद्यावरच दाखवायचं. आणि घरी पडदा नाही."

त्रिंबक उठून उभा राहिला. अख्ख्या पाराने दात घासले, बॅटरी वाळवली, आणि हा एक प्रश्न कोणी विचारला नाही. सभ्यपणाने जंगलाचं जेवढं नुकसान केलंय तेवढं वणव्यानेही केलं नसेल.

"मग आता खरं सांगून टाकतो त्याला," त्रिंबक म्हणाला. "तू सीताफळ नाहीस, डबा आहेस, म्हणून."

"सांगा की. विद्या त्याच क्षणी बोचकं बांधून निघून जाईल. माझ्या भावाला आमराई नाही असं सांगितलं असतं तर लग्न टिकलं असतं का?"

"मग काय केलं त्यांनी?"

"दुसऱ्या वर्षी सांगितलं, यंदा मोहोर गळला. गेला मुकाट्याने बाजारात. अजून दर वर्षी गळतो."

त्रिंबकला उमगलं. त्याने जुनं कार्ड तेवढ्यापुरतं लावलं, चित्र आलं, आणि डब्याच्या कानात पहिल्या खोट्यापुढे आणखी एक वाक्य जोडलं: "तू अखंडच आहेस. पण तुझ्या अंगातला पडदा दुरुस्तीला गेलाय. येईपर्यंत बाहेरच्या पडद्यावर दाखव." मग नवं कार्ड परत बसवलं आणि बटण दाबलं. सीताफळ आलं. रेघ आली. अर्ध्यावर गेली. त्रिंबकने डोळे मिटून घेतले.

"उघडा," वेणू म्हणाली. "बरी उडतेय."

सोहळ्याच्या दिवशी सूर्य कलता असताना मैदानात सगळं जंगल जमलं. दोन झाडांच्या मध्ये पांढरी चादर ताणली होती. त्रिंबकने शालीतलं यंत्र प्रोजेक्टरला जोडलं. महाराज समोर बसले. त्यांचं पोट गुरगुरत होतं आणि ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू येत होतं.

जीवनपट लागला. काय सांगू तुम्हाला. डोंगरकड्यावर महाराज उभे आहेत, वारा सुटलाय, आणि आयाळ उडतेय. एक एक केस वेगळा. अशी आयाळ महाराजांना तरुणपणीही नव्हती. महाराजांच्या डोळ्यांत पाणी आलं. "हुबेहूब," ते म्हणाले, आणि सगळं जंगल म्हणालं, "हुबेहूब."

नरहरपंतांना हे बघवेना. ते पुढे झाले आणि त्यांनी चोचीने शाल ओढली. खाली तेलाचा डबा. "महाराज, फसवणूक," ते म्हणाले. "हे सीताफळ नाही. खरं सीताफळ मी दाखवतो."

महाराजांनी आधी डब्याकडे पाहिलं, मग त्रिंबककडे. "हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"त्यालाच विचारा महाराज," वेणू म्हणाली.

त्रिंबकने 'या यंत्राविषयी' अशी कळ दाबली. चादरीवर मोठ्या अक्षरांत आलं, 'अखंड सीताफळ'. डबा काही खोटं बोलत नव्हता. त्याला तसंच वाटत होतं.

"आता तुमचं आणा," महाराज पंतांना म्हणाले.

पंतांनी आपलं सीताफळ आणलं. चकचकीत, सडपातळ, एक ओरखडा नाही. त्यांनी ते प्रोजेक्टरला जोडलं आणि जन्मात पहिल्यांदा सुरू केलं. आता नवं कोरं यंत्र सुरू झालं की ते आधी मालकाचा फोटो मागतं. त्यासाठी कॅमेरा आपोआप उघडतो आणि समोर जे असेल ते दाखवतो. पंतांना हे ठाऊक नव्हतं. वापरलं असतं तर ठाऊक असतं.

महाराज तेव्हा जवळून बघायला उठून यंत्राच्या पुढे उभे होते, पाठ यंत्राकडे आणि तोंड चादरीकडे. त्यामुळे झाडाएवढ्या चादरीवर आलं ते महाराजांच्या मानेमागचं टक्कल. संध्याकाळच्या उन्हात ते चकाकत होतं. मध्ये चार केस होते आणि ते उडत मात्र होते.

"हे कोण?" महाराजांनी विचारलं.

महाराजांनी मान खाजवली. चादरीवरच्या टकलावर एक पंजा आला आणि खाजवून गेला. महाराजांना काय समजायचं ते समजलं.

"हे यंत्र खोटं आहे," ते हळू आवाजात म्हणाले.

"पण महाराज," नरहरपंत म्हणाले, "हे तर जे आहे ते जसंच्या तसं..."

वाक्य पुरं करण्यात अर्थ नाही, हे त्यांच्या मध्येच लक्षात आलं. राखून ठेवलेला दुसरा पाय त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा वापरला. दोन्ही पायांनी पळाले ते थेट शेजारच्या जंगलात. घाईत उडता येतं हेही विसरले.

महाराजांनी तिथेच त्रिंबकला जवळ बोलावलं. "जंगलात खोट्या सीताफळांचा सुळसुळाट झालेला दिसतो," ते म्हणाले. "आजपासून तू सीताफळ-तपासनीस. खऱ्यावर शिक्का मार. खोटं जप्त कर. आणि माझा दुसरा जीवनपट कर. त्यात शेपटीचा गोंडाही डोलू दे."

दुसऱ्या दिवशी त्रिंबक दरबारात खुर्ची टाकून बसला. सगळा पार आपापले डबे घेऊन रांगेत उभा राहिला. साळिंदर आबा पहिले.

"हे काय आहे?" त्रिंबकने विचारलं.

"सीताफळ," आबा म्हणाले. शिक्का बसला.

"आणि हे?"

"सीताफळ," वटवाघूळ म्हणालं. शिक्का बसला. त्यांच्या यंत्रांनीही तेच सांगितलं. रांग भराभर पुढे सरकत होती. मग रावजी तरसाचा नंबर आला.

"हे काय आहे, रावजी?"

"मला नाही ठाऊक," रावजी म्हणाला. "दहा ठिकाणचं आणून मीच जोडलंय. कशामुळे चालतं तेही माहीत नाही. पण चालतं."

त्रिंबक पुढे वाकला. "रावजी, सीताफळ म्हण ना," तो कुजबुजला.

"पण ते नाही ना सीताफळ," रावजी मोठ्याने म्हणाला. त्याला कुजबुजता येत नसे. "तुझंही नाही. आपण दोघांनी वाकून बघितलंय की माझ्या डब्यात. आता रे काय झालं तुला?"

दरबाराच्या दारात महाराजांचा पहारेकरी उभा होता, आणि त्याने कान टवकारले. त्रिंबकला पुन्हा तो ससा आठवला. त्याने शिक्का बाजूला ठेवला आणि रावजीचा डबा आपल्या खुर्चीमागे ओढून घेतला. "जप्त," तो म्हणाला.

चेहरा तसाच हसरा ठेवून रावजी रिकाम्या हाताने टेकडीकडे गेला. त्रिंबकला फार वाईट वाटलं. पण खुर्चीवर बसलेल्याला वाईट वाटलं तर त्याने ते घरी जाऊन वाटून घ्यायचं असतं. त्याने पुढच्याला बोलावलं.

संध्याकाळी त्याने जप्त मालाची पाहणी केली. शेपटीच्या गोंड्याला आणखी एक कार्ड लागणारच होतं. रावजीचं अगदी चांगलं होतं, फारसं तापलेलंही नव्हतं.

तात्पर्य: मुलांनो, खोटं कधी अर्धवट बोलू नये. जो अर्धवट बोलतो त्याचा पडदा काळा राहतो. जो पुरतं बोलतो त्याला शिक्का मिळतो. आणि तुम्हाला अगदीच खरं बोलायची सवय असेल, तर दरबारात जाण्यापूर्वी आपलं ग्राफिक्स कार्ड काढून घरी ठेवावं.